एन्नोरचा काठ: पाण्यालगतच्या जमिनीचा आढावा

चेन्नईत घर घ्यायचे म्हटले की लोक वर्षानुवर्षे दक्षिणेकडेच पाहत आले. अड्यार, वेळचेरी, ओएमआर. उत्तर चेन्नई म्हणजे कारखाने, तेलाच्या टाक्या, कोळशाची धूळ आणि कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, असा समज होता आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये मेट्रो विम्को नगरपर्यंत आली तेव्हा ही नजर थोडी वळली. त्यापुढचे मोठे गाव एन्नोर. एन्नोर बंदरापासून महाबलीपुरमजवळच्या पूंजेरीपर्यंत सुमारे १३३ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता होतो आहे. जमिनीचे दर दक्षिणेच्या मानाने उतरलेले आहेत. शिवाय पाणी आहे: पूर्वेला बंगालचा उपसागर, उत्तरेला खाडी, पश्चिमेला बकिंगहॅम कालवा आणि आणखी वर गेले की पुलिकतचे खारे सरोवर. नोकरीनिमित्त चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी घरांतही आता हा प्रश्न निघतो, की पाण्याजवळ, शहराच्या हद्दीत आणि परवडणाऱ्या भावात जागा मिळत असेल तर एन्नोरला घ्यावी का?

या प्रश्नाचे उत्तर दराच्या तक्त्यात सापडत नाही. ते एन्नोरच्या पाण्यात, पाण्याच्या वर बसलेल्या उद्योगांत आणि महसुली कागदांत मिळून आहे.

आधी पाणी. चेन्नईच्या तीन नद्यांपैकी कूवम आणि अड्यार शहराच्या पोटातून जातात म्हणून सर्वांना माहीत. पण तिघींत सर्वांत मोठे पाणलोट क्षेत्र उत्तरेच्या कोसस्थलैयार नदीचे आहे. पूंडीच्या जलाशयातून सोडलेले पाणी याच नदीने खाली येते आणि एन्नोरजवळ समुद्राला मिळते. मिळण्याआधी ती पसरते. तिच्या दोन्ही बाजूंना खाजण, मिठागरे, खारफुटी आणि भरतीला बुडून ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदाने आहेत. पावसाळ्यात नदी भरून आली आणि समुद्राला भरती असली की पाण्याला थांबायला जागा लागते. ही मैदाने म्हणजे ती जागा. जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. कत्तिवाक्कम, नेट्टुकुप्पम, ताळंकुप्पम, मुगत्तुवारकुप्पम या वस्त्या पाहिल्या तर त्या समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या उंचवट्यावर आहेत. मागच्या सखल जमिनीवर कोणी घर बांधले नाही. तिथे मीठ पिकवले, कोळंबी धरली, होड्या नांगरल्या.

ब्रिटिश काळात मद्रासचे गोरे अधिकारी हवापालटासाठी एन्नोरला येत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास ते एन्नोर कालवा खोदला गेला, तोच पुढे उत्तर-दक्षिण वाढत जाऊन १८७०च्या दशकातल्या दुष्काळी कामांनंतर बकिंगहॅमच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कालव्याने नावेत बसून यावे, काठच्या बंगल्यात राहावे, मासे खावेत असा तो काळ. पाण्यालगतच्या मालमत्तेचे आकर्षण एन्नोरला नवे नाही. बदलले आहे ते पाणी.

त्याची सुरुवात १९७०च्या सुमारास झाली. खाडीच्या दक्षिण अंगाला एन्नोर औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. ४५० मेगावॉटचे हे केंद्र २०१७ मध्ये बंद पडले. मध्यंतरी उत्तरेला उत्तर चेन्नई औष्णिक केंद्र आले: १९९०च्या दशकात ६३० मेगावॉट, पुढच्या टप्प्यात आणखी १,२०० मेगावॉट आणि २०२४ मध्ये ८०० मेगावॉटचा तिसरा टप्पा. शेजारी वल्लूरला १,५०० मेगावॉटचा संयुक्त प्रकल्प. कोळसा जाळला की राख उरते. ती पाण्यात कालवून नळांनी राखतळ्याकडे न्यायची पद्धत आहे, आणि हे नळ खाडी ओलांडून जातात. ते गळत राहिले आणि राख खाडीच्या तळाशी साचत गेली. जिथे पूर्वी माणूस गळ्यापर्यंत बुडे तिथे आता गुडघाभर पाणी उरल्याचे कोळी सांगतात. २००१ मध्ये एन्नोर बंदर सुरू झाले (आजचे कामराजर बंदर), पाठोपाठ काट्टुपळ्ळीचे बंदर. बंदरांसाठी खोदलेला गाळ आणि भराव खाजणाच्या जमिनीवर पडला.

राखेने उथळ झालेली खाडी पूर्वीइतके पाणी धरत नाही. तेवढे पाणी पावसाळ्यात दुसरीकडे जागा शोधते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पूंडीतून विसर्ग वाढला तेव्हा कोसस्थलैयारचे पाणी मणली पुदुनगरात शिरले, आणि ही काही बेकायदा झोपडपट्टी नव्हती. चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाने, म्हणजे सीएमडीएने, स्वतः आखलेले उपनगर होते ते. ज्यांनी तिथे घरे घेतली त्यांच्याकडे सरकारी मंजुरीचे कागद होते. एन्नोरच्या परिसरात जागा पाहणाऱ्याने सगळ्यात आधी ही वस्ती पाहावी असे मला वाटते, कारण मंजूर आराखडा आणि कोरडे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे दिसते.

पूर हा एक धोका. दुसरा धोका पाण्यात मिसळून येणाऱ्या वस्तूंचा. २८ जानेवारी २०१७ रोजी कामराजर बंदराबाहेर बीडब्ल्यू मेपल आणि डॉन कांचीपुरम या दोन जहाजांची टक्कर झाली, आणि काळे तेल किनाऱ्यावर येऊन पडले; बादल्यांनी ते उपसणाऱ्या माणसांची छायाचित्रे देशभर छापून आली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसात मणलीच्या तेलशुद्धीकरण केंद्राच्या बाजूने तेल बकिंगहॅम कालव्यात उतरले आणि पुराच्या पाण्याबरोबर खाडीत व काठच्या घरांत शिरले. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे केंद्र चालवणाऱ्या चेन्नई पेट्रोलियमच्या आवाराकडे बोट दाखवले, राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली. पाणी ओसरल्यावर भिंतींवर तेलाचा पट्टा राहिला, होड्या आणि जाळी निकामी झाली. त्याच महिन्यात, २६ डिसेंबरच्या मध्यरात्री, पेरियकुप्पमजवळ कोरोमंडल इंटरनॅशनल या खत कंपनीच्या समुद्रातल्या नळीतून अमोनियाची गळती झाली. लोक झोपेतून उठून रस्त्यावर आले, कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. घर कितीही चांगले बांधलेले असले तरी या तिन्हींपैकी एकाही संकटापासून त्याच्या भिंती वाचवू शकत नाहीत. एन्नोरमध्ये घर घेणारा माणूस चार भिंतींबरोबर वरच्या अंगाच्या सगळ्या कारखान्यांचे शेजारपण घेतो.

समुद्राच्या बाजूची गोष्ट वेगळी, पण तीही समजून घ्यायला हवी. पूर्व किनाऱ्यावर वर्षाच्या गोळाबेरजेत वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. चेन्नई बंदराचे धक्के समुद्रात गेल्यावर ही वाळू दक्षिणेला अडली. मरीना किनारा रुंद झाला आणि बंदराच्या उत्तरेला, रायपुरम ते एन्नोर, समुद्र जमीन खाऊ लागला. त्यासाठी तिरुवोट्रियूरपासून पुढे दगडी भिंती आणि बांध घातले आहेत. जिथे बांध संपतो तिथून पुढे धूप सरकते, हा सगळ्या किनाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून समुद्राकडच्या प्लॉटची रुंदी कागदावर जितकी लिहिली आहे तितकी वीस वर्षांनी असेल, असे धरून चालता येत नाही. २००४ च्या त्सुनामीत घरे गमावलेल्या कोळी कुटुंबांसाठी एर्नावूरला बांधलेल्या इमारती आजही उभ्या आहेत. त्या पाहिल्या तरी किनाऱ्याची किंमत कळते.

आणि पिण्याचे पाणी? आरणियार आणि कोसस्थलैयारच्या खोऱ्यातून १९६०च्या दशकापासून शहरासाठी भूजल उपसले गेले, आणि मिंजूरच्या बाजूला समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून कित्येक किलोमीटर आत आले. २०१० मध्ये काट्टुपळ्ळीला रोज १० कोटी लिटर समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. बोअर आहे असे विक्रेता सांगत असेल तर त्या पाण्याची क्षारता तपासून घ्यावी, उन्हाळ्यात तपासावी, आणि एवढ्यावर हा विषय संपतो.

आता कागद. महाराष्ट्रातल्या माणसाला सातबारा, फेरफार, झोन दाखला, एनए हे शब्द तोंडपाठ असतात. तमिळनाडूत त्यांच्या जागी दुसरे कागद येतात. पट्टा हा तिथला हक्काचा मुख्य उतारा. चिट्टा आणि अ-रजिस्टरवरून जमीन कोणत्या प्रकारची आहे ते कळते, एफएमबी म्हणजे मोजणीचा नकाशा, आणि ईसी म्हणजे त्या मिळकतीवर आजवर कोणते व्यवहार व बोजे नोंदले गेले त्याचा दाखला. शहरी भागात नगरभूमापनाचे रजिस्टर वेगळे असते. रेडी रेकनरला तिथे गाइडलाइन व्हॅल्यू म्हणतात. बहुतेक खरेदीदार ईसी मागतात, ती कोरी आली की समाधान मानतात. इथेच फसगत होते. ईसी फक्त नोंदणीकृत व्यवहार दाखवते. जमीन मुळात कोणाची आणि कोणत्या वर्गाची, हे अ-रजिस्टरमध्येच पाहावे लागते. तिथे पोरंबोक्कु अशी नोंद असेल, मग ती तलावाची असो, ओढ्याची, कालव्याची किंवा गुरचरणाची, तर ती सार्वजनिक जमीन आहे आणि कोणाही खाजगी माणसाला ती विकता येत नाही. तलावांवरची अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्याने २००७ मध्ये वेगळा कायदाच केला आहे. एन्नोरची खाडी, मिठागरे, खाजणे यांचा मोठा भाग सार्वजनिक किंवा शासकीय आहे. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१७ मध्ये गायलेले ‘चेन्नई पोरंबोक्कु पाडल’ हे गाणे याच काठावर चित्रित झाले ते त्यासाठीच.

मंजुरीचा प्रश्न वेगळा. सप्टेंबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मंजुरी नसलेल्या प्लॉटांची नोंदणी थांबवली. त्याआधी शेतजमिनीचे तुकडे सर्रास विकले जात होते. पुढच्या वर्षी सरकारने नियमितीकरणाचे नियम आणले आणि २० ऑक्टोबर २०१६ पूर्वीच्या ले-आउटना फी भरून नियमित होण्याची वाट दिली. आपल्याकडच्या गुंठेवारी कायद्यासारखाच हा प्रकार. जाहिरातीत ‘नियमित झालेला प्लॉट’ असे शब्द असले तर त्याचा अर्थ एवढाच की तो बेकायदा राहिलेला नाही. तो सखल आहे की नाही, याविषयी ते प्रमाणपत्र काही सांगत नाही.

सर्वांत अवघड कागद किनारी नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्रालगत भरतीरेषेपासून ५०० मीटर आणि भरतीचे पाणी जाते त्या खाडी-नदीलगत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते, नियमनाखाली येते. २०११ च्या नियमात हीच पट्टी १०० मीटरची होती. खुद्द खाडी, खारफुटी, चिखलमैदाने यांना कडक संरक्षण. पण भरतीरेषा नेमकी कुठे आहे? एन्नोरमध्ये या साध्या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालला आहे. १९९६ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या आराखड्यात खाडीचे सुमारे साडेसहा हजार एकर क्षेत्र संरक्षित दाखवले होते. नंतर दुसराच नकाशा पुढे आला, ज्यात त्यातला मोठा भाग संरक्षणाबाहेर होता. मच्छीमारांनी आणि पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी जुना नकाशाच खरा म्हणून लढा दिला, आणि माझ्या मते त्यांची बाजू योग्य आहे, कारण नकाशावरची रेघ हलवल्याने भरती मागे हटत नाही. खरेदीदारासाठी याचा अर्थ सरळ आहे. ज्या जमिनीची रेषा दोन नकाशांत दोन ठिकाणी आहे, तिच्यावर आयुष्याची पुंजी लावायची नसते.

पैसे मोजून उभे केलेले घरही जाऊ शकते, याचा दाखला आपल्या घरचाच आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत ३६ बंगले उभे राहिले होते. हरित लवादाने ते पाडायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने बुलडोझर लावले. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. तिच्या आत बांधकामाला बंदी असते. त्या घरांत कुटुंबे राहत होती. विकणारे पैसे घेऊन मोकळे झाले आणि शिक्षा शेवटच्या खरेदीदाराला मिळाली. मला हे फार टोचते.

कोचीशेजारच्या मरडूमध्ये याहून मोठ्या प्रमाणावर तेच झाले. वेंबनाडच्या पाण्यालगतच्या बहुमजली इमारती सीआरझेडचा भंग करून बांधल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकांनी पाडल्या गेल्या. फ्लॅटधारकांना तातडीची भरपाई म्हणून २५ लाख रुपये ठरवले गेले. पण पाण्याकाठी उभे केलेले एक सबंध घर त्या रकमेत पुन्हा उभे राहत नाही. चेन्नईतही वारे त्याच दिशेने वाहते आहे: पळ्ळीकरणैची दलदल २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली, आणि २०२५ मध्ये हरित लवादाने तिच्याभोवतीच्या एक किलोमीटर पट्ट्यातल्या नव्या बांधकाम मंजुऱ्या रोखण्याचे आदेश दिले. एन्नोरच्या खाडीला उद्या असेच संरक्षण मिळाले, आणि ते मिळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, तर तिच्या काठावरच्या प्लॉटांचे काय होईल याचा विचार आजच्या खरेदीदाराने करायला हवा.

पाण्याचे चित्र विकणे ही काही भारताची खास रीत नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचा कालवा फुटला, १९०७ पर्यंत पाणी एका सखल भागात वाहत राहिले, आणि सॉल्टन सी नावाचे मोठे तळे तयार झाले. १९५८ मध्ये एम. पेन फिलिप्स या बिल्डरने त्याच्या काठावर सॉल्टन सिटी आखली. रस्ते, नळ, नौकाविहाराचा क्लब, गोल्फचे मैदान. प्लॉट हजारोंनी खपले. पण या तळ्याला समुद्राकडे जाणारी वाट नव्हती आणि त्यात येत होते शेतांतून वाहून आलेले क्षारयुक्त पाणी. १९७६ आणि १९७७ मध्ये वादळांच्या पावसाने काठच्या वस्त्या बुडाल्या. पुढे क्षार वाढले, मासे मरून काठावर थर साचले. शहरांकडे पाणी वळवल्यामुळे तळे आटत गेले आणि उघड्या तळाची धूळ आसपासच्या मुलांच्या फुप्फुसांत जाऊ लागली. आज त्या आखलेल्या रस्त्यांवर मैलोन्मैल घर नाही. नेवाडातली लेक लास व्हेगास ही कृत्रिम तळ्याकाठची वसाहत २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्या लवासाची कथाही याच वाटेची: वरसगाव धरणाच्या पाण्याशी नवे शहर, २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया, आणि पैसे गुंतवून वाट पाहणारे घरधारक. या सगळ्या ठिकाणी जमीन विकली गेली ती पाण्याच्या आजच्या रूपावर. ते पाणी पुढे कुठून येणार, किती आणि कसे येणार, हे विकणाऱ्याच्या हातात नव्हते आणि घेणाऱ्यालाही ते कोणी सांगितले नाही.

एन्नोरमध्ये हा प्रश्न आणखी एका बाजूने बोचतो. इथल्या पाण्यावर दुसऱ्या माणसांचे पोट आहे. पट्टीनवर कोळी जाळ्यांनी मासेमारी करतात, आणि इरुळर आदिवासी बायका-पुरुष चिखलात हाताने कोळंबी धरतात. त्यांच्याकडे बहुधा जमिनीचा पट्टा नाही. त्यांचा हक्क वापराचा आहे, पिढ्यान्पिढ्यांचा. खाजणात भराव घालून ले-आउट पडला की त्यांची जागा जाते, आणि पुराचे पाणी त्यांच्याच वस्तीकडे वळते. काठावर प्लॉट घेणारा मध्यमवर्गीय माणूस वाईट नसतो, पण त्याचे पैसे याच भरावाला चालना देतात. हे आढाव्यात लिहायला हवे, कारण विक्रीच्या कागदपत्रांत ते कधीच लिहिलेले नसते.

म्हणून माझे मत असे. एन्नोरच्या खाडीला, कोसस्थलैयारला किंवा बकिंगहॅम कालव्याला लागून असलेला नवा प्लॉट आज घेऊ नये, मग तो सीएमडीएने मंजूर केलेला असो वा नियमित झालेला. समुद्राच्या पहिल्या ओळीतला घेऊ नये. नोकरीमुळे उत्तर चेन्नईतच राहायचे असेल तर जुन्या कत्तिवाक्कम-तिरुवोट्रियूरच्या उंच वाळूवरचे, दोन-तीन पावसाळे पाहिलेले घर घ्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे आधी वर्षभर भाड्याने राहावे. नोव्हेंबर-डिसेंबर तिथे काढावा. शेजाऱ्यांना २०१५, २०२१ आणि २०२३ मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे. भिंतीवरच्या खुणा ते आनंदाने दाखवतील. अ-रजिस्टर स्वतः पाहावे, तहसीलदार कार्यालयात मोजणी नकाशा ताडून घ्यावा, १९९६ च्या किनारी आराखड्यात तो सर्व्हे नंबर कुठे पडतो ते वकिलाकडून लेखी घ्यावे. तमिळनाडू रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद नसेल तर पुढे बोलणेच थांबवावे.

आणि सरकारकडे मागणी एकच आहे: खाडीची भरतीरेषा १९९६ च्या नकाशाप्रमाणे जमिनीवर दगड रोवून आखावी, त्या रेषेतले सर्व सर्व्हे नंबर नोंदणी कार्यालयाला कळवावेत आणि त्यांची खरेदीखते नोंदवून घेणे बंद करावे. तसे झाले तर कोळ्यांची खाडी वाचेल, आणि चिखलीसारखा बुलडोझर एन्नोरच्या कोणा कुटुंबाच्या दारात येणार नाही.